इंजिनचं काम झालं अन् करंट गायब!

स्पेअर पार्टच्या दुकानात बसलं की दोन गोष्टी न मागता साचतात. जुने प्लग आणि किस्से. प्लग भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही, त्यामुळे ते सगळे माझ्याकडेच पडून आहेत.

माझं दुकान अंबडला, स्टँडपासून जरा पुढे. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, म्हणून काउंटर मी सांभाळते. बारा वर्षं झाली, तरी नवीन गिऱ्हाईक आलं की माझ्या डोक्यावरून आत बघतं आणि विचारतं, "शेट कुठं गेलेत?" मी म्हणते, "शेट समोरच बसलेत, बोला!"

दुकानाला लागून गौतमभाऊंचं टू-व्हीलरचं गॅरेज. पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. सगळा तालुका त्यांना मिस्त्री म्हणतो. इंजिनचं मोठं काम झाल्यावर गाडी सुरूच न होणं, हा त्यांचा खास प्रांत. पिस्टन नवा, ऑइल नवं, सगळं नवं, आणि प्लगला करंटच नाही! दुसरीकडे खोललेल्या अशा गाड्या परतूर-घनसावंगीहून टेम्पोत घालून त्यांच्याकडे येतात.

गिऱ्हाईक आधी माझ्याकडे येतं. "सीडीआय द्या." करंट गेला की प्रत्येकाला हा ठिणगी देणारा डबा, म्हणजे सगळ्यात महागाचा पार्टच आठवतो. मी बॉक्स काढते न काढते तोच पलीकडून आवाज येतो, "वहिनी, देऊ नका!" असा शेजारी असल्यावर दुकान कसं चालायचं, तुम्हीच सांगा!

मग भाऊ प्लग काढतात, इंजिनच्या अंगाला टेकवतात, टोपीची सावली धरतात आणि किक मारायला लावतात. ठिणगी दिसली नाही की उलट्या क्रेटवर बसून एकच प्रश्न, "काल कुठं कुठं हात लागला?" त्यांचं म्हणणं सरळ आहे. इंजिन खोलायच्या आधी करंट होता ना? मग माणसाचा हात जिथं गेला, खोट तिथंच असणार.

*

जनावरांच्या दवाखान्यातले एक कंपाउंडर आले होते. गावाकडे इंजिनचं काम करून घेतलं, तेव्हापासून गाडी बंद. तीन दिवसांत प्लग बदलला, कॉइल बदलली, वायरिंग सोडून पाहिलं. शेवटी भर उन्हात गाडी ढकलत आणली.

भाऊंच्या हातात चहाचा कप होता. त्यांनी तो खालीही ठेवला नाही. गाडीला एक चक्कर मारली, उजव्या हँडलवरचं लाल बटन अंगठ्यानं दाबलं आणि म्हणाले, "मारा किक."

पहिल्या किकला गाडी सुरू! काम करताना कोणाचा तरी हात लागून बटन बंद झालं होतं, बस्स.

कंपाउंडरसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "भाऊ, हे कोणाला सांगू नका."

"बिलकुल न्हाई," भाऊ म्हणाले. आणि खरंच, त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मी सांगितलं!

*

घनसावंगीकडच्या कैलासची गंमत वेगळी. त्याला गाडीवर बसून सासरी जायचं होतं. मेव्हण्यानं नवीन गाडी घेतलेली, त्यामुळे आपली जुनीही नवी दिसली पाहिजे, हा हट्ट. भाऊंनी इंजिन बसवलं, गाडी सुरू करून दिली. कैलासनं घरी जाऊन कॉइल, ब्रॅकेट, बोल्ट सगळं सुटं केलं, चकचकीत चंदेरी रंगाचे दोन हात मारले आणि पुन्हा बसवलं.

दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत! पोरगा रडकुंडीला आलेला. "भाऊ, काल तर चालू होऊन राह्यल्ती, आज काय झालं?"

भाऊंनी कॉइल जिथं बसते तिथला बोल्ट खोलला आणि कानस घेऊन रंग खरवडायला लागले. करंटला परत जायला लोखंडाला लोखंड टेकावं लागतं, आणि मधे तर कैलासचा रंग!

"भाऊ, हळू! दोन हात मारलेत!" कैलास कळवळला.

"इंजिनला मेकअप केला ते ठीक," भाऊ म्हणाले, "पण नाकपुड्या कशाला बुजवल्या?"

*

एक दूधवाले आहेत, रामकिसनमामा. रोजची साठ-सत्तर किलोमीटरची धाव, दोन्ही बाजूंना कॅन. त्यांच्या गाडीचं फुल इंजिन भाऊंनीच केलं. संध्याकाळी घेऊन गेले, सकाळी गाडी ढकलत हजर. करंट नाही.

भाऊंनी विचारलं, "मामा, काल इथून गेल्यावर कुठं हात लागला?"

"कुठंच न्हाई. घरी गेलो, पूजा केली, झोपलो."

भाऊंची नजर हेडलाइटकडे गेली. तिथं ताजं लिंबू-मिरची लटकत होतं. दोऱ्यात नव्हे, चांगल्या जाड बाइंडिंग तारेत ओवलेलं! तारेचं एक टोक गाडी बंद करायच्या बटनाच्या जुन्या वायरीत घुसलेलं आणि दुसरं हँडलच्या लोखंडाला टेकलेलं. ती वायर लोखंडाला टेकली की करंट तिथंच मरतो.

आता गौतमभाऊ विहारात दर रविवारी पोरांना शिकवणारा माणूस. लिंबू-मिरचीवर ते मामांना तासभर ऐकवू शकले असते. मी तर ऐकायला खुर्चीच पुढे ओढली. पण भाऊंनी काही न बोलता वायरीला टेप लावली, लिंबू-मिरची सोडलं आणि नीट डाव्या आरशाला बांधून दिलं.

गाडी सुरू झाली. मामांनी आरशाला हात जोडले. त्यानंतर महिनाभरात अंबडच्या निम्म्या दूधवाल्यांची लिंबं डाव्या आरशाला आली!

मी भाऊंना म्हटलं, "अहो, खरं कारण सांगायचं ना!"

"वहिनी, त्याचं दूध नासून राह्यल्तं," भाऊ म्हणाले. "त्याला गाडी पाहिजे व्हती, भाषण न्हाई."

*

हा माणूस चुकतच नाही असं नाही. आरोग्य केंद्रातल्या एका सिस्टरची स्कूटी त्यांनी करून दिली. चार किलोमीटरवर बंद पडली. लसीकरणाचा दिवस, सिस्टर लसींचा डबा सांभाळत रिक्षानं गेल्या आणि दुपारी चांगल्याच तापून गॅरेजवर आल्या.

तोवर भाऊंनी स्कूटी उचलून आणून कव्हर खोललं होतं. आतली बारीक वायर कव्हरखाली चिमटून तुटली होती. बसवताना नजरचूक. दुसरा कोणी असता तर "वायर जुनीच व्हती" म्हणून मोकळा झाला असता. कोणाला कळणार होतं?

भाऊंनी सिस्टरच्या हातात ती तुटकी वायर ठेवली. "सिस्टर, ही माझ्या हातानं दबली. चूक माझी."

गॅरेजात दहा माणसं उभी होती. सिस्टरनं वायरीकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं आणि एवढा राग कुठल्या कुठे गेला. म्हणाल्या, "वीस वर्षं नोकरी झाली माझी. हे वाक्य आज पहिल्यांदा ऐकलं!"

*

आता माझी चूकही सांगून टाकते, नाहीतर लोक म्हणतील ही बाई दुसऱ्यांचंच सांगते.

एका गाडीला करंट येईना. भाऊ तीन तास झटले. कॉइल पाहिली, बटन पाहिलं, अर्थिंग पाहिलं, वायरिंगला हात लावून झाला. "काल कुठं हात लागला" हे स्वतःलाच चार वेळा विचारलं. शेवटी घाम पुसत माझ्या काउंटरपाशी आले आणि म्हणाले, "वहिनी, एक जुना प्लग द्या. भंगारातला."

तो काळाकुट्ट प्लग लावला आणि निळी ठिणगी तडतडली! मी सकाळी नव्या बॉक्समधून, सील फोडून दिलेला प्लगच मेलेला होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊ हसले, म्हणाले, "नवीन हाय म्हणून चांगलंच असंल, हे आपल्याला कोणी सांगितलं व्हतं?" 'तुम्हाला' म्हणाले नाहीत, 'आपल्याला' म्हणाले. तेव्हापासून मी प्रत्येक प्लग तपासूनच देते.

*

आणि हा गेल्या उन्हाळ्यातला.

भाऊंचे गुरू हबीब उस्ताद. परतूरला त्यांचं गॅरेज होतं, तिथं भाऊ काम शिकले. आता उस्ताद ऐंशीच्या घरात, फुप्फुसं थकलेली, घनसावंगी रोडला शेतातल्या घरी मुलाजवळ राहतात. दिवसभर ऑक्सिजनच्या मशीनवर. मशीन विजेवर चालतं, म्हणून घरात छोटा पेट्रोलचा जनरेटर. त्याचं इंजिन भाऊंनी नवं करून दोनच दिवसांपूर्वी घरी पोचवलं होतं.

दुपारी मुलाचा, अन्वरचा, फोन आला. गावची डीपी जळाली, लाइट गेली, आणि जनरेटर सुरू होईना. "भाऊ, अब्बाला छोटा सिलिंडर लावलाय. अर्धा तास पुरंल. अँब्युलन्स जालन्याहून निघाली, पण तिला वेळ लागंल."

भाऊंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. प्लग, कॉइल, जे हाताला लागलं ते पिशवीत भरलं आणि मी त्यांच्या गाडीवर मागे बसले. दुकान उघडंच राहिलं.

पोचलो तेव्हा सिलिंडरचा काटा लाल पट्टीवर आला होता. उस्ताद दारातल्या खाटेवर, तोंडाला मास्क, डोळे उघडे. जनरेटर समोर ओट्यावर. भाऊंनी प्लग काढून दोरी ओढली. करंट नाही. माझा तपासलेला प्लग लावला. नाही. कॉइल बदलली. नाही. बटन बराबर, वायर बराबर. त्या इंजिनात ऑइल कमी झालं की करंट आपोआप तोडणारा एक सेन्सर असतो. भाऊंनी ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली. ऑइल भरपूर, त्यांनी स्वतःच भरलेलं.

"माझ्याकडं फरशीवर पहिल्या झटक्यात चालू झाल्तं," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी पुन्हा दोरी ओढली. काहीच नाही.

तेवढ्यात अन्वर म्हणाला, "भाऊ, अब्बा काही तरी सांगून राह्यले."

उस्तादांना बोलता येत नव्हतं. त्यांनी एक हात वर उचलला, तळवा आडवा धरला, हळूच एका बाजूला तिरपा केला आणि पुन्हा सरळ केला.

भाऊंनी त्या तळव्याकडे पाहिलं. मग ओट्याकडे पाहिलं. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून ओट्याला चांगला उतार दिला होता. जनरेटर तिरपा, त्यामुळे ऑइल सगळं एका अंगाला आणि सेन्सर कोरडा! भाऊंनी अंगणातला एक चपटा दगड उचलून खालच्या बाजूला सारला, जनरेटर सपाट केला आणि दोरी ओढली.

सुरू!

अन्वरनं धावत मशीन जोडलं, नळी बदलली. आम्ही सगळे खाटेभोवती उभे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. उस्तादांच्या ओठांचा निळेपणा हळूहळू ओसरला. त्यांनी भाऊंना बोटानं जवळ बोलावलं. मला वाटलं, आता डोक्यावर हात ठेवणार. भाऊंनीही कान त्यांच्या तोंडाशी नेला.

उस्ताद म्हणाले, "पत्थर नक्को रे. हिल के सरकता. लकडी लगा."

"जी उस्ताद," भाऊ म्हणाले, आणि लाकूड शोधायला गोठ्याकडे पळाले.