वासिफच्या तोंडावरची रेघ

तैयबाच्या नशिबी माणसं आली ती आवाजापुरती. लग्न होऊन ती म्हसळ्याजवळच्या या खाडीकाठच्या गावात आली आणि वर्ष भरायच्या आत नवरा, मोहम्मद, कुवेतला गेला. दोन वर्षांनी एकदा यायचा, अत्तराचा वास नि भारी ब्लँकेटं मागे ठेवून पुन्हा जायचा. मधल्या काळात त्याच्या आवाजाच्या कॅसेटी यायच्या. रजेवर येणारा एखादा गाववाला त्या घेऊन यायचा आणि तैयबा दार लोटून टेपरेकॉर्डरपुढे बसायची. लहानगा वासिफ त्या टेपलाच अब्बा म्हणायचा. खरा अब्बा दारात उभा राहिला की मात्र भोकाड पसरायचा. सगळी आळी हसायची. तैयबाही हसायची, पण ते हसणं काही खरं नसायचं.

मोहम्मद तिकडेच वारला आणि तिकडेच त्याचं दफन झालं. मय्यतीचं तोंड बघायला मिळालं नाही, ही गोष्ट तिला कधी पचली नाही. त्याचा आवाज तिला आजही हवा तेव्हा ऐकू येतो, पण चेहरा आठवायला गेलं की फोटोतला आठवतो, जिवंत माणसाचा नाही. गावात कुणी बाई गेली की तैयबा हातातलं काम टाकून जायची आणि शेवटचं तोंड बघून यायची.

पुढे वासिफही मस्कतला गेला. ज्या गावात पुरुष म्हणजे रजेवर आलेला पाहुणा, तिथे दुसरं काय होणार! पण जाताना तैयबाने त्याला बजावलं, "कॅसेट न्हाय चालायची हां. मना तोंड दिसला पायजे."

फोनवर तोंड दिसायचं, पण तिचे डोळे अधू होत चालले होते. माणगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मधलं दिसणं हळूहळू जाईल, कडेकडेचं राहील, आणि यावर इलाज फारसा नाही. ती घरी आली आणि सुनेला, जवेरियाला, तिने कुराणाची कसम घातली. वासिफला एवढंच सांगायचं की अम्मीला बारीक दिसत नाही. खरं कळलं तर पोरगा नोकरी सोडून येईल, आणि आल्यावर खाणार काय, खाडीचा चिखल?

म्हणून वासिफ रजेवर आला तेव्हा त्याने पनवेलहून मोठ्या स्क्रीनचा लॅपटॉप आणला. दर जुम्म्याला नमाज झाली की तैयबा धुतलेली ओढणी घेऊन त्याच्यापुढे बसायची. वासिफचं तोंड परातीएवढं दिसायचं. कपाळावरचा पोरपणीचा वण, दोन दातांमधली फट, नवीन ठेवलेली दाढी, सगळं ती डोळ्यांनी गोळा करून ठेवायची. पुढे दिवस कसे येणार आहेत हे तिला ठाऊक होतं आणि त्यांची ती बेगमी करत होती. पावसाळ्याआधी बायका सुकट भरून ठेवतात तशी.

थोड्याच दिवसांत स्क्रीनवर एक काळी रेघ उमटली. नेमकी मधोमध, वासिफच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत. जवेरिया म्हणाली, "अम्मी, मशीनमध्ये फॉल्ट हाय. वॉरंटी हाय, बदलून देतील." पण तैयबाच्या मनात पाल चुकचुकली. परमुलखातल्या पोराच्या तोंडावर काळी रेघ! शेजारणीने मक्केच्या उमऱ्याहून आणलेलं झमझमचं पवित्र पाणी तिने फडताळात जपून ठेवलं होतं. जवेरिया विहिरीवर गेलेली बघून तिने ते ओंजळीत घेतलं, दुवा पुटपुटली आणि स्क्रीनवर शिंपडलं. काही थेंब ओघळून खाली बटणांत गेले. मग ओढणीच्या पदराने तिने स्क्रीन पुसली आणि निर्धास्त झाली. रेघ मात्र तशीच राहिली.

सासू-सुना लॅपटॉप घेऊन एस.टी.ने पनवेलला गेल्या. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीने तो आत नेला, उघडून पाहिला आणि परत आणून ठेवला.

"मॅडम, आतमध्ये पाणी गेलंय. पाणी लागलं की आतल्या पट्टीचा रंग बदलतो, तो बदललाय. वॉरंटीत बसणार नाही."

जवेरिया उसळली. "पाणी? आमच्याकडे कोणी पाणी सांडवलं नाही!"

तैयबा पुढे सरकली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि यात लपवण्यासारखं काही आहे असंही तिला वाटलं नाही.

"पाणी न्हाय गो बाय ता. झमझम हाय. आनी मी मिशनीवर न्हाय टाकला. पोराच्या तोंडावर टाकला."

त्या मुलीने समोरच्या कॉम्प्युटरवरच्या फॉर्मकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आजी, सिस्टीममध्ये नुसतं पाणी असंच लिहिता येतं."

रेघ आधीची, पाणी नंतरचं, हे जवेरियाने परोपरीने सांगितलं. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ठरल्यावर संन्याशाचं ऐकतो कोण! परतीच्या एस.टी.त तैयबा लॅपटॉपची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "माझ्याच हातांनी केलं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

वासिफ हट्टाला पेटला. फॉल्ट कंपनीचा, मग पैसे आपण का भरायचे? त्याने मेल लिहिल्या, तक्रारी केल्या, ग्राहक मंचाची धमकी दिली. त्याचं चुकत होतं असंही नाही, हक्काचीच गोष्ट होती. पण तो भांडत होता कंपनीशी, आणि वेळ जात होता आईचा. इकडे रेघेचा पट्टा झाला आणि पट्ट्याने सगळं तोंड गिळलं. जुम्म्याला पुन्हा नुसता आवाज आला. "थोडं थांब अम्मी, मी सोडणार नाही त्यांना," तो म्हणायचा. "व्हय बाबा," तैयबा म्हणायची. जवेरियाने किती वेळा तोंड उघडलं असेल, पण कसम आड यायची. तैयबाला आता भाताच्या ताटाची कड दिसायची, भात दिसायचा नाही.

शेवटी कंपनी नमली. वरातीमागून घोडं यावं तशी नवी स्क्रीन आली. जुम्म्याला तैयबा धुतलेली ओढणी घेऊन बसली. जवेरियाने लॅपटॉप लावला.

"अम्मी! दिसतोय का आता? रेघ गेली ना?"

तैयबाने पाहिलं. खिडकी होती, खिडकीचा पडदा होता, एका बाजूला खांदा होता. मधे काहीच नव्हतं. तिने मान तिरकी केली, पुढे वाकली. मधलं ते काही केल्या हलेना.

"गेली रे बाबा. एकदम साफ दिसतंस," ती म्हणाली. नुसतं तेवढं पुरेसं वाटेना म्हणून जपून ठेवलेल्यातलं तिने काढलं, "दाढी चांगली वाढलीय. अब्बासारखा दिसतंस."

शेजारी बसलेल्या जवेरियाने तोंडावर ओढणी दाबली.

"हो अम्मी," पलीकडून वासिफ खालच्या आवाजात म्हणाला. "वाढलीय."

लहानपणी खोटं बोलताना वासिफचा आवाज असाच खाली जायचा. तैयबाने तो आवाज बरोबर ओळखला. दाढी त्याने केव्हाच काढलीय हे तिला कळलं, आणि आपलं बिंग फुटलं हेही कळलं. पोरगा रडतोय की काय हे तेवढं कळेना. ते तोंड बघितल्याशिवाय कळत नाही.