घरचं पोरगं, जातंय कुठं?

परवा सेमीफायनल हरलो. आता त्यात नवीन काही नाही, आमची टीम सेमीफायनलपर्यंत येते आणि हरते... पण या वेळी गोल घातला तो आमच्याच गल्लीतल्या ओंकारने. समोरच्या पेठेची जर्सी घालून.

कोल्हापूरबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. आमच्याकडे पेठेची तालीम म्हणजे फुटबॉलची टीमसुद्धा, आणि खेळाडूनं तालीम बदलली की तो पेठेला परका. मी आमच्या टीमच्या कमिटीत आहे.

चांगली माणसं घालवण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. एका गोलकीपरला प्रॅक्टिसला उशिरा येतो म्हणून काढलं, तर पुढच्याच वर्षी दुसरीकडून खेळून स्पर्धेतला बेस्ट गोलकीपर ठरला. आम्ही टाळ्या वाजवायला होतोच.

यंदा बाहेरून एक स्ट्रायकर आणला. त्याची खोली, त्याचा डबा, त्याला प्रॅक्टिसला न्यायला मोटरसायकल... अख्खी कमिटी त्याच्या दिमतीला. दुसऱ्याच मॅचमध्ये त्याचा गुडघा गेला.

आणि ओंकार? इतकी वर्षं आमच्याकडून खेळलेला. खेळाडूंच्या नोंदणीच्या शेवटच्या दिवशी त्यानं समोरच्या पेठेकडून सही केली. तेव्हापासून तो गद्दार. चौकातल्या बोर्डवरचा त्याचा फोटो उतरवला, त्याच्या आईला मंडईत भाजी घेताना लोक ऐकवायला लागले. 'पोराच्या डोक्यात हवा गेली' असं मी स्वतः दहा ठिकाणी सांगितलं.

परवा गोल झाल्यावर तो नाचला नाही, खाली मान घालून सेंटरला परत गेला. आमच्या बाजूनं शिव्या चालू होत्या.

मॅच सुटल्यावर पार्किंगमध्ये तोच माझ्याकडे आला. वाकून पाया पडला. मी तुसडेपणानंच विचारलं, का गेलास रे?

"काका, नोंदणीचा फॉर्म भरून चार दिवस घरात थांबलोतो की. कुणी बोलवलंच न्हाय."

आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. तालमीत येऊन द्यायचास की फॉर्म, असं मी कसंबसं म्हणालो.

"बारा वर्षं स्वतःच येऊन देतोय की काका. एकदा तरी कुणी इचारावं, असं वाटलं."

पेठेतल्या पोरांचे फॉर्म गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलंही होतं, ओंकारचं काय? मी म्हणालो होतो, "घरचं पोरगं हाय, जातंय कुठं?" सगळे हसले, चहा आला, विषय बाहेरच्या स्ट्रायकरच्या खोलीवर गेला...

हे त्याला सांगायचं धाडस परवा झालं नाही. गाडी काढली आणि निघालो. एवढं होऊनही त्यानं मला काका म्हणून हाक मारली, हे त्याचे उपकारच.

आज सकाळी तालमीत सगळ्यांसमोर सांगितलं, आता इथंही लिहितो. ओंकार आम्हाला सोडून गेला नाही, मी त्याला विचारायला गेलो नाही. त्याच्या आईला जे काही ऐकवायचं असेल, ते इथून पुढं माझ्या दारात येऊन मला ऐकवा.