घमेल्यातल्या रेघा

तेव्हा तिथं मी होते, माझी जाऊ शांता होती, मुकादम होता आणि एक कोकणातली बाई होती. काचेच्या मोठ्या कंपनीचं बांधकाम चाललेलं. बाई त्या एका दिवसापुरती कामावर आली होती. नाव विचारायचं राहूनच गेलं.

जेवताना मी शांताला म्हणलं, "सुनीचं हापिस समुद्रावर ट्रिप काढतंय. मी नाही सोडायची." माझा मालक ओढ्याच्या पुरात वाहून गेलेला. सुनी माझी एकुलती लेक, शिकली, कंप्युटरवर बसली, तिला पाण्यात कशी धाडू?

ती बाई उठली. घमेल्यात दोन ओंजळी वाळू टाकली, वर पाणी ओतलं आणि पाळण्यासारखं हळू हलवत बसली. बघता बघता वाळूवर रेघा उठल्या, लुगड्याच्या निऱ्या जशा.

"हे कुणी केलं गं?" मी विचारलं.

"पाण्यानं. येतंय आणि जातंय. येणारं पाणी सगळी बघतात बाय, जाणारं कोण बघत नाय. पायाखालची रेती ओढायला लागली की पोरीला म्हणावं, मागं फिर."

मुकादम ओरडला, "खेळ झाला असेल तर माल कालवायला घ्या!"

"कालवतेच आहे की," ती बाई म्हणाली, आणि घमेलं हलवतच राहिली.

बाईचं बोलणं सुनीला सांगितलं आणि मी तिला ट्रिपला सोडलं. आल्या आल्या म्हणाली, "आई, निऱ्या तशाच होत्या. एका जागी वाळू ओढायला लागली, मी लगेच बाहेर आले."

तुम्ही समुद्रावर गेलात तर लाटेआधी पायाखाली बघा. एवढं माझं ऐका.