टायमिंग बेल्ट मी बदलला होता

बायकोला माहीत नाही. दादाला माहीत नाही. आई गेली, तीही न कळताच गेली. दोन-तीनदा अगदी जिभेवर आलं होतं — आणि मी वरून चहाचा घोट घेतला. आता तुम्हाला सांगतो. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही, आणि खरं सांगू? म्हणूनच जमतंय. ओळखीच्या माणसासमोर हिंमत होत नाही.

आधी मी कसा माणूस होतो ते सांगायला हवं. नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर. सिडकोतल्या आमच्या गल्लीत कुणाचा मिक्सर बंद पडो, कुणाची स्कूटर — मला बोलावणं यायचं. आणि मी नुसता दुरुस्त करायला जायचो का? छे! आधी ज्याने हात लावला असेल त्याची सालटी काढायला जायचो. 'कुठल्या गाढवाने खोललं होतं हे?' — हे माझं ठरलेलं वाक्य. गॅरेजवाले सगळे चोर नाहीतर अडाणी, आणि शहाणा एकटा मी. 'माझं चुकलं' असं मी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. बायकोला विचारा, तिलाही आठवणार नाही.

थोरल्या भावाने, दादाने, नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक जुनी डिझेल गाडी घेतली. टुरिस्टला लावली. त्र्यंबक, शिर्डी, वणीचा गड, अशा फेऱ्या. गाडीवर ड्रायव्हर नामदेव. हरसूलकडचा, आदिवासी, चाळिशीच्या पुढचा, बोलायला कमी. गाडीत गाणी लावायचा नाही. का? तर इंजिनचा आवाज ऐकू येत नाही म्हणून! मला हसू यायचं. पण एक दिवस तोच दादाला म्हणाला, 'शेठ, पुढनं बारीक शिट्टीवानी आवाज येतोय. पट्ट्याकडं बगाया पायजे.' मी तिथेच होतो. बघितलं, तर त्याचं बरोबर होतं. टायमिंग बेल्ट बदलायला झाला होता. ड्रायव्हरला जे ऐकू आलं ते मला आलं नव्हतं — हे मला खुपलं. खुपलं म्हणजे चांगलंच खुपलं. पुढे जे झालं त्यात याचा वाटा होता का? होता. नाही म्हणू कसा?

दादा गाडी गॅरेजला टाकणार होता. मी म्हटलं, कशाला त्या गाढवांकडे? घरी बदलतो. पोर्चमध्ये.

तुम्हाला थोडं समजावून सांगावं लागेल. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनच्या पुढच्या बाजूचा दाते असलेला रबरी पट्टा. खालचं चाक आणि वरचं चाक तो एका तालात फिरवतो. तो सुटला की आतले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि चालती गाडी जागच्या जागी बंद पडते. हा पट्टा ताणून धरायला एक लहान चाक असतं, टेन्शनर म्हणतात त्याला. आणि ते चाक जागेवर धरून ठेवतो एक बोल्ट. एकच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी रजा टाकून मी कामाला बसलो. चाक काढलं, पुली काढली, कव्हर उतरवलं. दोन्ही चाकांवरच्या खुणा जुळवल्या, जुना पट्टा काढला, नवा चढवला. इंजिन हाताने दोन वेढे फिरवून पाहिलं, खुणा पुन्हा बरोबर समोरासमोर आल्या. स्वतःवरच खूश झालो. टेन्शनरचा बोल्ट बोटांनी बसवला होता, आता तो पान्याने शेवटचा आवळायचा — तेवढ्यात आई आली.

त्या दिवशी खंडेनवमी. वडीलही फिटरच, त्यांच्यापासून आमच्याकडे एक रीत. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊन, पुसून चौरंगावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडू ठेवायचा, आणि मग दसऱ्याची सकाळ उजाडेपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. मी म्हटलं, पाच मिनिटं दे. आई म्हणाली, 'वर्षभर राबतात रे ती. एक दिवस टेकू दे.' आणि हातातला पाना काढून घेतला. मीही दिला. म्हटलं, उद्या आवळू. काय पळून जातोय का बोल्ट?

मी आंघोळीला गेलो. आईने हत्यारांची पूजा केली, आणि ताम्हण घेऊन ती पोर्चमध्येही आली. गाडी म्हणजे दादाच्या पोटापाण्याचं साधन, तिला कशी विसरेल? बॉनेटला कुंकू लावलं, काचेला लावलं. पुढचं सगळं उघडंच पडलेलं — तिथेही जे समोर दिसलं त्याला बोट टेकवलं. हे मी पाहिलं नव्हतं. नंतर कळलं.

आता आमच्या टूलरूमची एक सवय. बोल्ट पूर्ण आवळला की त्याच्या डोक्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. लाल दिसलं की काम झालेलं, पुढच्या माणसाने पुन्हा पाना लावायचा नाही. डोळ्यांना इतकी सवय झालेली की डोक्याला विचारायची गरजच नाही.

दसऱ्याच्या सकाळी घाई. दहा वाजता त्र्यंबकची सवारी ठरलेली. नामदेव झेंडूचा हार घेऊन फाटकात उभा, दादा आत-बाहेर करतोय. मी चौरंगावरून पाने उचलले, गाडीशी वाकलो — टेन्शनरच्या बोल्टवर लाल ठिपका. झालेलं आहे म्हटलं आणि कव्हर लावून टाकलं.

रंगाची डबी कारखान्यात होती हो! घरात कधी आणलीच नव्हती. मग ठिपका दिला कुणी? एवढा साधा प्रश्न मला पडू नये? पाना नुसता लावून बघायला किती वेळ लागला असता? काही नाही. ही चूक झाली. पण मी तुम्हाला चूक सांगायला बसलेलो नाही. चूक कुणाचीही होते. मी सांगतोय ते पुढचं.

आठवड्याने आई, दादा आणि वहिनी देवीच्या दर्शनाला निघाले. नामदेव गाडीवर. मला कारखान्यात जायचं होतं. गडाच्या चढावर गाडी एकदम गप झाली. इंजिन बंद, त्यामुळे ब्रेक दगडासारखा घट्ट, दबेना, हँडब्रेक जुना — गाडी मागे घसरायला लागली. एका बाजूला दरी. नामदेवने काय केलं असेल? मागे मान वळवून स्टिअरिंग फिरवलं आणि गाडीचं बूड डोंगराच्या अंगाला नेऊन आदळवलं. गाडी थांबली. सगळे वाचले. आईचं मनगट पुढच्या सीटवर आपटून मोडलं, तेवढंच. त्याने येणारी जीप अडवली, आईला उचलून आत बसवलं आणि वणीच्या दवाखान्यात नेलं. माझं अख्खं घर त्या माणसाने वाचवलं होतं. हे मला त्याच दिवशी कळलं होतं, बरं का. वर्षांनी नाही. त्याच दिवशी.

गाडी ओढून आणली. दादा म्हणाला, गॅरेजवाल्याला बोलावू. मी म्हटलं, अजिबात नाही, मी बघतो. का म्हटलं? आतून कळलं होतं म्हणून. कव्हर उघडलं. पट्ट्याचे दाते सोललेले, टेन्शनर लोंबलेला, आणि बोल्ट खाली कव्हरच्या तळाशी पडलेला. डोक्याच्या खाचेत कुंकू. तेव्हा सगळं समजलं. पोर्चमध्ये दुसरं कुणी नव्हतं. मी बोल्ट उचलला, सदऱ्याला पुसला, जागेवर बसवला आणि पान्याने गच्च आवळला. त्या दिवशी मात्र हात अगदी व्यवस्थित चालला. मग दादाला हाक मारली.

म्हटलं, बघ. पट्टा फाडला त्याने. चढावर चुकीच्या गिअरमध्ये गाडी दामटली असणार, त्याशिवाय नवा पट्टा असा जात नाही. दादाला गाडीतलं काही कळत नव्हतं, त्याने मान हलवली. पण ती मला पुरेशी वाटली नाही. इतकी वर्षं गाडी चालवणारा माणूस गिअर चुकेल कसा, असं उद्या याच्या मनात आलं तर? म्हणून मी एक प्रश्न विचारला. नुसता प्रश्न. 'त्याच्या तोंडाला वास होता का रे?'

बस, एवढंच. मी कुठे म्हणालो तो प्यायला होता? विचारलं फक्त. पण हरसूलकडचा आदिवासी माणूस आणि असा प्रश्न — पुढचं लोक आपणच जोडतात, हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. म्हणूनच विचारलं. दादा विचारात पडला. वहिनीला संध्याकाळपर्यंत आठवायला लागलं, हो बाई, कसलातरी वास येत होता खरा. दुसऱ्या दिवशी दादा द्वारका चौकातल्या टॅक्सी स्टँडवर जाऊन चार जणांना सांगून आला. झालं! नामदेव बेवडा ठरला.

तो थेंबालाही शिवत नव्हता. त्याचा धाकटा भाऊ दारूने गेला होता, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी तो आला. नोकरी मागायला नाही, आईला बघायला. फाटकाबाहेर चप्पल काढून उभा. दादाने आत घेतलं नाही, वर आवाज चढवला. मी हॉलमध्ये होतो, खिडकीपाशी. सगळं ऐकू येत होतं. नामदेव एकदाच म्हणाला, 'शेठ, मी पीत नाय.' प्लास्टर घातलेला हात घेऊन आई आतून म्हणाली, अरे नामदेव घेत नाही, त्याला आत तरी येऊ द्या. आणि मी — मी आईवर खेकसलो. 'तुला काय कळतं गाडीतलं? गप बस.' ती गप बसली. तो गेला.

मग मी स्वतःची समजूत कशी घातली ते ऐका, म्हणजे माझी कमाल कळेल. म्हटलं, खरं सांगितलं तर कुंकवाचं निघणार. आईला वाटेल, आपल्या बोटामुळे झालं. तिचा जीव खाईल ते. म्हणजे मी आईसाठी गप्प बसलो! किती वर्षं हे मी स्वतःला सांगत होतो. मग आई गेली. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? कोण अडवत होतं? आईचं नाव मी ढालीसारखं वापरलं, दुसरं काय.

नामदेवला नाशकात कुणी गाडी दिली नाही. तो गावाकडे गेल्याचं उडत उडत कळलं. माझं मात्र सगळं नीट चाललं. बढती मिळाली, घरावर मजला चढवला, गल्लीत माझा शब्द चालतच राहिला.

सात-आठ वर्षं गेली. कारखान्यातल्या मित्रांबरोबर हरसूलच्या बाजारला गेलो होतो, नागली आणि तांदूळ घ्यायला. जीपगाड्या लागतात तिथे एक माणूस 'नाशिक, नाशिक' ओरडत सवाऱ्या भरत होता, टपावर गाठोडी चढवत होता. गाडी भरली, दुसराच एक पोरगेलासा ड्रायव्हर चढला, आणि हा खालीच राहिला. नामदेव. केस पिकलेले.

मी तोंड फिरवलं. पण त्याने पाहिलं होतं. धावत आला. मला वाटलं, आता हा चारचौघांत माझी चामडी सोलणार — आणि खोटं नाही सांगत, बरंच वाटलं असतं. त्याने काय विचारलं? 'भाऊ, आईचा हात बरा झाला ना?' मी म्हटलं, आई गेली. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

मग जरा जवळ सरकून, खालच्या आवाजात म्हणाला, 'भाऊ, तुम्ही जाणते. एक खरं सांगा. दारू तर मी प्यालो नव्हतो, ते मला ठावं हाय. पर गिअर... गिअर माझ्या हातनं चुकला व्हता का? रोज इचार करतो. कधी वाटतं नाय चुकला. कधी वाटतं, चुकलाच आसंल. आई व्हती गाडीत.'

पाहिलंत? मी त्याच्याकडून नुसती गाडी काढून घेतली नव्हती. त्याची स्वतःबद्दलची खात्रीही काढून घेतली होती, आणि ती परत द्यायला तेव्हा मला एक वाक्य पुरलं असतं. गाडी कधीच भंगारात गेलेली. आई नाही. बाजारात मला ओळखणारं कुणी नाही, मित्र लांबवर तांदूळ बघत होते. काय गेलं असतं माझं? काही म्हणजे काही गेलं नसतं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, 'जाऊ दे नामदेव. माणसाच्या हातून होतं असं. आम्ही काही मनात ठेवलेलं नाही.'

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो भर बाजारात वाकून माझ्या पाया पडला, आणि मी पडू दिलं.