पुलापलीकडचं ग्रोब्लीडरस्ट्रॉफ

निघालो त्या दिवशी वाईच्या एस.टी. स्टँडवर सासूबाईंनी माझ्या पिशवीत मेतकुटाचा डबा कोंबला आणि म्हणाल्या, "दोघं चाललाय, येताना तिघं या." संदीप लाजला. काय बाई यांची घाई, असं मला वाटलं.

जर्मनीत सारब्रुकेनला त्याची सॉफ्टवेअरची नोकरी, माझा जर्मनचा कोर्स, आणि सदा करडं आभाळ. मला ते शहर कधी आवडलं नाही, आजही नाही. रविवारी सगळं बंद. मग आम्ही सारबानने, म्हणजे ट्रामने, क्लाइनब्लिटर्सडोर्फला उतरायचो आणि पायी पूल ओलांडून फ्रान्समध्ये, ग्रोब्लीडरस्ट्रॉफला जायचो. इकडे क्लाइन, तिकडे ग्रो. धाकटं-थोरलं गाव, मध्ये सार नदी. तीच सरहद्द, पण अडवणारं कुणी नाही. युरो नुकताच आलेला, त्यामुळे नाणीसुद्धा तीच. पलीकडे चर्च, चढाची गल्ली आणि चक्क उघडी बेकरी. बेकरीवाली आजी जर्मनसारखंच काहीतरी बोलायची. तिनंच सांगितलं, दुसऱ्या महायुद्धात अख्खं गाव हलवलं होतं, पूलही पडला होता. तिची आई परतली तेव्हा घरात नुसत्या भिंती होत्या.

"गेनाऊ, अगदी आपल्यासारखंच घर सुटलेलं," संदीप म्हणाला.

कसलं डोंबलाचं आपल्यासारखं! आपल्याला कुणी हाकललं होतं?

पुलावर उभं राहून एकदा तो म्हणाला, "मेलो तर मला इथंच ठेव." मी पाठीत धपाटा घातला.

काही वर्षांनी तो ऑफिसातच गेला. हार्ट अटॅक. जर्मनीत अस्थी घरी देत नाहीत. कलश फ्रीडहोफमध्ये, त्यांच्या दफनभूमीत पुरायचा, नाहीतर कागदपत्रं करून मायदेशी न्यायचा. फोनवर सासूबाई रडत होत्या, "माझं पोर परक्या मातीत नको गं. कृष्णेत सोडू." मी कुणाचं ऐकायचं? त्याच्या आईचं ऐकलं. कलश घेऊन वाईला गेले.

घाटावर कलश रिकामा झाला. आमच्या रविवारच्या फेऱ्या संदीप सासूबाईंना फोनवर सांगायचा. त्या एकदम माझा हात धरून म्हणाल्या, "आणि तू गं? तू आता रविवारी कुठं जाशील?"

मी सारब्रुकेनला परतले.

रविवारी पुलापलीकडे, तिथंच जाते. ब्रेड घेते, नदीकाठी बसते. संदीपचं त्या गावात काहीच नाही, चिमूटभर राखसुद्धा नाही. वाईत असले की सगळे त्याच्याबद्दल बोलतात आणि तो आहेसं वाटतं. इथं तो नाही हे मला पुरतं कळतं. म्हणून, बेकरीवालीच्या आईचं नुसत्या भिंतींचं होतं तसं, हेच माझं घर.