ज्या नावानं आईनं हाक मारली नाही

मनमाडकडे जाणारी गाडी मानवत रोड स्थानकात धुमसत उभी होती. रझाकारांच्या धास्तीनं वडील आम्हा मायलेकींना निजामाच्या राज्याबाहेर, पुण्याला धाडत होते. फलाटावर सरकीचा आंबूस वास दाटला होता. आई थोरलीला म्हणाली, “ताई, तुमी खिडकीपाशी बसा.” मग माझ्याकडे वळून, “ए सुमे, सरक तिकडं.” गाडी सुटली. गाव मागं पडत होतं, आणि मला हेवा वाटत होता तो खिडकीचा नव्हे, त्या ‘तुमी’चा. पोटच्या एका लेकीला एवढा मान. मग मी तिची कोण?

पुण्यात माझ्या ‘लय’चं ‘खूप’ झालं, भाकरीची पोळी झाली. हेवा मात्र मानवतचाच राहिला. ताईला पुढं जिंतूरला दिली. आईनं शेवटचं पाणीसुद्धा मागितलं ते, “ताई, तुमी पाजा,” असं म्हणून. भांडं माझ्या हातात होतं.

आईमागं मी घराण्याची वंशावळ जुळवू लागले. पुरुष पिढ्यान् पिढ्या सापडले. वडिलांच्या आईच्या जागी नुसतंच ‘आजी’. म्हणून मानवतला आत्याकडे गेले. ती वाती वळत होती.

“गिरिजा,” ती म्हणाली. “तुझ्या ताईचं पाळण्यातलं नाव तेच की. सासरी बदललं. तुझ्या आईला सासूचं नाव तोंडी घेता येईना, मग त्या नावाच्या लेकीला अगं-तुगं कशी करील? येडी हायेस.”

घराण्याचा शोध घेणाऱ्यांनो, बायकांना नावं विचारू नका. कोणतं नाव उच्चारता येत नव्हतं, ते विचारा. एखाद्या लेकराला घरात अकारण मान मिळत असेल, तर त्याच्याआड कुणी पूर्वज उभा आहे असं समजा.

तशीच जिंतूरला गेले. ताईला सारं ठाऊक होतं. “तू आईच्या पाठीवर चढायचीस, रपाटे खायचीस,” ती म्हणाली. “मला एक रपाटा मिळाला न्हाई. सासूला कोण मारील? लय जळायचे मी तुझ्यावर.”

मी हळूच म्हटलं, “गिरिजे.”

ती म्हणाली, “आणखी एकदा म्हण.”

म्हटलं. तिच्या सुरकुतल्या चेहऱ्यावर लाडावलेलं पोर उमललं, आणि माझ्या काळजात तो जुना हेवा पुन्हा ठसठसला. मानवतच्या घरात आता परकी माणसं राहतात. माझं घर म्हणाल तर एवढंच उरलं आहे: जिच्यावर हक्कानं जळावं, अशी जिंतूरची एक बहीण.