वाऱ्याचा अर्धा राहिलेला तुकडा

यांच्या कॉम्प्युटरचा मला राग होता. हे गेल्यावरही तो गेला नाही.

देशोदेशीच्या लोकांनी आपल्या घरचे कॉम्प्युटर रिकाम्या वेळात एका कामाला लावायचे, असा तो प्रकार. लांब पुलावर वारा आला की पूल किती डोलेल, याचं गणित भलं मोठं. म्हणून त्याचे तुकडे इंटरनेटवरून घरोघरी यायचे आणि सुटले की आपोआप परत जायचे. चाळ पाडून करी रोडला टॉवर झाला, आम्ही वरच्या मजल्यावर आलो, खिडकीच्या फटीतून वारा शीळ घालू लागला, तेव्हापासून यांना हा नाद.

“तुमच्या पुलाला विचारा, जेवायला बसतोय का.”

“आत्ता नको गं, वारा जोरात आहे.” हे हसायचे, पण स्क्रीनकडे बघून.

हे गेले तेव्हाही मशीन चालूच होतं. गावाहून आलेल्या जाऊबाईंनी टीव्हीची वायर काढली, मग याचीही. “गो, सुतकात ह्या कसला चालू ठेवलंस?” तुकडा अर्ध्यावर होता, हे मला दिसत होतं. पण ती घरघर थांबली आणि मला बरं वाटलं.

काही दिवसांनी परळहून एक बाई भेटायला आली. यांच्यासारखीच मशीन लावणारी, यांच्याच गटातली. माझ्याच वयाची.

“त्याचा तुकडा आला नाही, तेव्हाच मी म्हटलं, काहीतरी झालंय. तो कधी उशीर करायचा नाही.”

आमच्या घरात यांना अरे-तुरे करणारं कुणी उरलं नव्हतं.

“हीच ना ती शीळ घालणारी खिडकी?” ती उठून बघून आली. माझ्या खिडकीतून. मग म्हणाली, गटातले सगळे महिनाभर आपापली मशीन यांच्या नावावर चालवणार आहेत. “त्याच्या नावावर सुटलेल्या तुकड्यांची भर पडत राहील, वहिनी.”

मला तसं काही करता येण्याजोगं नव्हतं. मी रोज दिवा लावत होते, एवढंच.

“आणि अर्धा राहिलाय तो?”

“उद्याची मुदत आहे. नाही गेला, तर दुसऱ्या कुणाला देतील.”

“कुणाला?”

“कुणालाही. मलासुद्धा येईल.” तिचे डोळे भरले.

“सुरू कसं करायचं, सांगा मला.”

ती यांच्या खुर्चीकडे वळली.

“बसू नका तिथे. तोंडी सांगा.”

तिने सांगितलं. सुतकामुळे चहा विचारायचा प्रश्नच नव्हता. ती गेल्यावर मी वायर जोडली. थांबलं होतं तिथूनच गणित पुढे सुरू झालं.

“परत?” जाऊबाई म्हणाल्या.

“यांचं आहे. होऊ दे पुरं.”

दुपारभर मी त्या खुर्चीत बसून राहिले. संध्याकाळी तुकडा पुरा होऊन गेला आणि लगेच नवा आला. तो यांनी पाहिलेला नव्हता. तो कुणाकडेही जाऊ दे, म्हणून मी वायर काढली.